खरवडलेला सूर

कार्यक्रमपत्रिकेच्या नवव्या पानावर क्लिओरा रेनीच्या हातचं काम छापलं होतं आणि खाली नाव होतं लेमुएल टॅरंटचं.

तिने चष्मा काढला, एप्रनला पुसला, परत घातला. फोटो चांगला मोठा करून छापला होता. 'नून फ्रेट' या धुनेचा, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यासाठीचा सुरांचा कागद, त्यातली शेवटची ओळ. तिथला एक लांब ओढलेला सूर ब्लेडने खरवडून काढलेला आणि त्या जागी विरामाचा काळा ठोकळा, एका फटक्यात काढलेला, उजवीकडे जरासा उतरता. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात क्लिओराने असले लाखभर ठोकळे काढले असतील. तिचा प्रत्येक ठोकळा उजवीकडे उतरायचा. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे टॅरंटचा स्वतःचा हात दिसतो. त्याने सूर खोडला आणि शांतता लिहिली. एका थोर कारकिर्दीतला हा निर्णायक क्षण.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात म्हणे टॅरंटचा. टॅरंटने उभ्या जन्मात ब्लेड लावलं ते फक्त स्वतःच्या गालाला. तो भराभरा लिहून मोकळा व्हायचा. त्याची गिचमिड वाचून चौदा माणसांचे चौदा कागद सुबक उतरवणं, चुकलं तर खरवडणं, ही सगळी क्लिओराची कामं. एटीन्थ स्ट्रीटवरच्या कुठल्याही वाजवणाऱ्याला तो फोटो दाखवला असता तर तो हसला असता, कारण बँडचा मालक हातात कधी ब्लेड धरत नाही. पत्रिका लिहिणाऱ्या कॉलेजातल्या विद्वानाला हे कोण सांगणार?

आणि फोटो वरून कापला होता. त्या कागदाच्या डोक्यावर, तिच्याच अक्षरात, 'थर्मन' असं नाव होतं. ते छापायला कुणाला जागा मिळाली नाही.

खरवडलेला सूर तिच्या नवऱ्याचा, थर्मनचा होता. एकेचाळीस वर्षं तो वाजला नव्हता. परवा, रविवारी दुपारी, कॉलेजचा ऑर्केस्ट्रा 'नून फ्रेट' वाजवणार होता आणि त्यात तो सूर परत आला पाहिजे, एवढं तिने शेगडीपाशी उभ्या उभ्या ठरवलं. तोवर कोलार्डची भाजी करपून गेली होती. तिने ती पातेल्यासकट सिंकमध्ये टाकली आणि एझेलला फोन लावला.

"उद्या सकाळी गाडी काढ. तालमीला जायचंय."

"अगं, कार्यक्रम परवा आहे. एका बाईसाठी दोनदा कोट घालू का मी?"

"कोट नको घालूस. गाडी काढ."

"कुणाचं डोकं फोडायचंय ते तरी सांग. त्या हिशेबाने गाडी लावतो, दारात की लांब."

एझेल प्रुइट टॅरंटच्या बँडमध्ये बास वाजवायचा. चौदा जणांतला तेवढाच उरला होता. बाकीचे वाईट दारू प्यायचे आणि आपण चांगली, म्हणून आपण टिकलो, असं तो सांगायचा.

लेमुएल टॅरंटची कीर्ती काय सांगावी? न्हाव्याचा मुलगा. चर्चमध्ये ऑर्गन बडवत शिकला, तेविसाव्या वर्षी बँड उभा केला आणि एका खटारा बसमधून कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस पालथं घातलं. धावत्या बसमध्ये मांडीवर फळी ठेवून लिहायचा. डोकं होतं त्याला, क्लिओराने ते कधी नाकारलं नाही. त्याचा एक हट्ट मात्र जगावेगळा होता. एक सूर तो दोघांना द्यायचा नाही. बाकीचे बँडवाले महत्त्वाचा सूर दोघातिघांत वाटून ठेवत, म्हणजे एखादा आजारी पडला, पिऊन आला किंवा कुणाच्या बायकोबरोबर पळून गेला तरी काम अडत नसे. टॅरंट म्हणायचा, "ज्याचा सूर त्याचा. दुसऱ्याने त्यात तोंड घालायचं नाही." कागदावर 'दुसरा ट्रॉम्बोन' असं तो लिहायचाच नाही. माणसाचं नाव लिहायचा. वाजवणाऱ्यांना त्याचा फार अभिमान वाटायचा. त्या काळात त्यांचं नाव आदराने लिहिलेली दुसरी जागा कुठे होती?

छत्तीस सालच्या ऑगस्टमध्ये एका गावात थर्मनचा ओठ सुजला. संध्याकाळी वाजवायचं होतं, म्हणून दुपारी तो औषधांच्या दुकानात बर्फ मागायला गेला. काळ्यांनी मागच्या दाराने यायचं असा तिथला नियम, हा पुढच्या दाराने गेला. तिथल्या पोलिसाने पिस्तुलाच्या दस्त्याने त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. एवढंच झालं. काय बोलला होता, उलटून बघितलं होतं का, असं विचारणाऱ्यांचा क्लिओराला आजही राग येतो. तो बर्फ मागायला गेला होता.

त्या संध्याकाळी बँडने तेरा जणांत वाजवलं. वाजवलं नसतं तर त्या गावातून बाहेर पडता आलं नसतं. 'नून फ्रेट'च्या शेवटी सगळा बँड थांबायचा आणि तेवढे तीन ट्रॉम्बोन तीन सुरांची एक कॉर्ड एकदम धरून ठेवायचे. वरचा सूर, खालचा सूर आणि मधला थर्मनचा. मधला नव्हता. टॅरंटच्या हट्टापायी तो सूर दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. पोकळ, थंड, अंगावर काटा आणणारं काहीतरी वाजलं आणि नेमका त्या दिवशी रेकॉर्ड कंपनीचा माणूस समोर बसला होता. त्याला ते भयंकर आवडलं.

तीन आठवड्यांनी शिकागोला रेकॉर्डिंग ठरलं. त्याच्या आदल्या मंगळवारी सकाळी टॅरंट क्लिओराच्या स्वयंपाकघरात आला. हॅट गुडघ्यावर ठेवली, कॉफी अर्धी प्यायला आणि मग थर्मनचा कागद टेबलावर सरकवला.

"शेवटचा सूर काढ, क्लिओरा."

"का? थर्मन बरा झाला की वाजवेल ना."

"तो आला की परत घालू. नवा माणूस घेतलाय, पर्सी म्हणून. तिथे त्याने गप्प बसायचं. रेकॉर्डवाल्याला ते तसंच रिकामं हवंय."

"म्हणजे तात्पुरतं?"

"तात्पुरतंच गं."

तिने ब्लेड घेतलं. नवरा हॉस्पिटलमध्ये जबड्याला तारा बांधून पडलेला आणि ती खिडकीच्या उजेडात त्याचा सूर हलक्या हाताने खरवडत होती, कागद फाटू नये म्हणून जपून. काम झाल्यावर टॅरंट थर्मनला भेटायला गेला. जाताना घेऊन काय गेला, तर शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा. तारांनी बांधलेल्या जबड्याला चिक्की. तो डबा क्लिओराने हॉस्पिटलमधून परत येताना कचऱ्यात फेकला, पण टॅरंटला तोंडावर काही बोलली नाही. त्याचाही राग तिला आहेच.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. रेकॉर्ड देशभर गाजली. टॅरंट न्यूयॉर्कला गेला, रेडिओवर वाजवू लागला, सहा सूट शिवले. मुलाखतीत सांगायचा, "एके दिवशी पहाटे मला ती पोकळी ऐकू आली." पहाटे म्हणे. दुपारी बारापर्यंत न उठणारा माणूस. युद्धानंतर बँड मोडला, पण ती पोकळ कॉर्ड त्याला जन्मभर पुरली. मेला तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावरच रकाने भरले. आता तर त्याच्या नावाचा रस्ताही होता.

थर्मन त्यानंतर अकरा वर्षं जगला. हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी पिळायचा. ट्रॉम्बोन त्याच्या तोंडाला पुन्हा लागला नाही. रेडिओवर 'नून फ्रेट' लागलं की तो कान देऊन ऐकायचा आणि शेवट आला की वाकड्या तोंडाने हसायचा.

"विसरला बघ गाढव. माझा सूर विसरला."

पहिल्या वेळी क्लिओरा म्हणाली, "नवा आहे रे तो." आणि मग तेच म्हणत राहिली. अकरा वर्षं. खरं सांगायची हिंमत तिला झाली नाही. मरेपर्यंत थर्मन त्या बिचाऱ्या पर्सीला शिव्या देत होता.

शनिवारी सकाळी दहाला एझेलने गाडी दारातच लावली. हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा वाद्यं लावत होता. डॉक्टर लिंडग्रेन, चाळिशीचा, उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, धावत खाली आला. तोच हा ऑर्केस्ट्रा चालवायचा आणि पत्रिकेतला मजकूरही त्याचाच होता. पहिल्या रांगेत टॅरंटची मुलगी मॉरीन बसली होती. कागदांच्या पेट्या तिनेच कॉलेजला दिल्या होत्या आणि वाजवायची परवानगीही तिचीच लागायची.

"मिसेस रेनी, केवढा मान आमचा," लिंडग्रेन म्हणाला. "उद्या तुमच्यासाठी फुलं सांगितली आहेत."

"फुलं राहू देत. नववं पान काढा."

त्याने काढलं.

"हा हात माझा आहे."

तो हसला. "अर्थातच, कागद तुम्ही उतरवलेत. आम्ही फक्त त्या खोडण्याबद्दल…"

"खोडण्याबद्दलच बोलतेय मी. ब्लेड माझं, शाई माझी. सूर थर्मन रेनीचा, माझ्या नवऱ्याचा. त्याचा जबडा मोडला म्हणून तो वाजला नाही, आणि रेकॉर्डवाल्याला आवडलं म्हणून तो परत आला नाही. टॅरंटने शांतता बिंतता काही लिहिली नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाला, काढ. आणि मी काढला."

हे तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. एझेलने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. बँडमध्ये असूनही त्याला हे माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, टॅरंटने पर्सीला तोंडीच गप्प राहायला सांगितलं असेल.

"क्लिओराआँटी," मॉरीन हळूच म्हणाली, "पपा आता नाहीत. ते काही बोलू शकत नाहीत."

"पंचवीस वर्षं बोलत होता की, पोरी. रेडिओवर, पेपरात. एकदा थर्मनचं नाव घेतलं असतं तर जीभ झडली नसती त्याची."

"चौदा घरं चालवली त्यांनी."

"तेरा. आमचं मी चालवलं."

मॉरीन मान वळवून बसली. लिंडग्रेनने मात्र चष्मा काढला. त्याचे डोळे खरंच भरले होते आणि त्यामुळेच क्लिओराला त्याचा जास्त राग आला.

"मला काहीच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "मी हे उद्या स्टेजवरून सांगतो. सगळं. तुमच्या पतींचं नाव घेऊन. मिसेस रेनी, त्या शांततेला आता केवढा अर्थ आला आहे."

"अर्थ?"

"म्हणजे, ती एका माणसाची अनुपस्थिती आहे. लोक ती ऐकतील तेव्हा…"

"बाबा रे," क्लिओरा म्हणाली, "एकेचाळीस वर्षं तुम्ही त्या भोकाचं कौतुक केलंत. आता त्या भोकाला हार घालणार? मी तुला गोष्ट विकायला आले नाही. सूर परत घाल. उद्या तो वाजव. बास."

"पण रेकॉर्डवर तसं नाही. लोकांना माहीत असलेलं 'नून फ्रेट' ते नाही."

"एकदा वाजवून तर बघा," मागून एझेल म्हणाला. "बिल येणार नाही."

लिंडग्रेनने मॉरीनकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि स्टेजवर चढून तिघा ट्रॉम्बोनवाल्यांना सूर सांगितले. मधली एक तिशीची बाई होती. त्यांनी कॉर्ड धरली. हॉलभर ती पसरली. भरलेली, ऊबदार आणि साधी. काटा वगैरे काही आला नाही. क्लिओराने खुर्चीची पाठ घट्ट धरली, कारण लग्नाआधी एटीन्थ स्ट्रीटवरच्या नाचाच्या हॉलमध्ये तिने ही कॉर्ड दर शनिवारी ऐकली होती आणि तेव्हा तिच्याकडे नीट लक्षही दिलं नव्हतं.

"छान आहे," लिंडग्रेन म्हणाला. "पण खरं सांगू का? हे कुठल्याही बँडसारखं वाटतं."

"तसंच होतं ते. थर्मनही कुठल्याही माणसासारखाच होता. घरी यायचा, जेवायचा, पेपर तोंडावर ठेवून घोरायचा. माझ्याशी भांडायचा. तसंच करत करत म्हातारा व्हायचं होतं त्याला. थोर शांतता व्हायचं नव्हतं."

मग लिंडग्रेन फार मऊ आवाजात म्हणाला की, मिसेस रेनी, तुमच्या भावना मी समजू शकतो, पण उद्या आपण रेकॉर्डप्रमाणेच वाजवू, आणि आधी मी ही हकिकत सांगेन. मॉरीननेही मान हलवली. इतक्या गोड शब्दांत तिच्या तोंडाला पानं पुसली गेली की आरडाओरडा करायलाही जागा उरली नाही.

ती स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. एझेल हात द्यायला पुढे आला, तो तिने झटकला. मधल्या ट्रॉम्बोनवालीपाशी जाऊन उभी राहिली.

"नाव काय तुझं?"

"जोआन."

"तुझ्या कागदावर काय लिहिलंय?"

जोआनने बघितलं. "दुसरा ट्रॉम्बोन."

क्लिओराने तिच्या स्टँडवरची पेन्सिल उचलली. 'दुसरा ट्रॉम्बोन' यावर काट मारून 'जोआन' लिहिलं. मग कागदाच्या तळाशी शेवटच्या ओळीतला विराम खोडला आणि त्यावर सूर लिहिला.

"एवढं माझ्या हातचं होतं. तेवढं मी परत घेतलं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

"जोआन," लिंडग्रेन म्हणाला, "ते नंतर पुसून घे हं."

जोआन खाली मान घालून वाद्याची नळी पुसत राहिली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"उद्या मी येणार नाही," गाडीत बसताना क्लिओरा म्हणाली.

"येशील," एझेल म्हणाला. "घरी बसून तुझा राग भिंतींवर काढशील, त्यापेक्षा तिथे काढ. मी यावेळी कोट घालणार आहे, तो फुकट जायला नको."

रविवारी दुपारी तीनला हॉल खच्चून भरला. क्लिओराला पहिल्या रांगेत बसवलं, मांडीवर फुलं ठेवली. तिने ती उचलून एझेलच्या मांडीवर टाकली. शेवटच्या धुनेआधी लिंडग्रेन माइकपाशी आला आणि त्याने हकिकत सांगितली. चांगली सांगितली, तेच वाईट. थर्मनचं नाव घेतलं, बर्फाचं सांगितलं, पोलिसाचं सांगितलं, ब्लेडचंही सांगितलं. बायका डोळे टिपू लागल्या. "आता तुम्ही जी शांतता ऐकाल," तो म्हणाला, "ती थर्मन रेनीची आहे." लोक श्वास रोखून बसले. शेजारच्या खुर्चीतून मॉरीनने क्लिओराच्या हातावर हात ठेवला. क्लिओराने हात काढून घेतला. जबडा मोडलेल्या माणसाची शांतता ऐकायला हे लोक कपडे करून आले होते आणि ती कधी येते म्हणून टपून बसले होते.

'नून फ्रेट' सुरू झालं. ऑर्केस्ट्रा चांगला होता, ढोलवाला जरा घाई करत होता. एझेलची बोटं गुडघ्यावर बासचा पार्ट वाजवत होती. शेवट आला. सगळा बँड थांबला. लिंडग्रेनने ट्रॉम्बोनकडे हात केला आणि जोआनने वाद्य तोंडाला लावलं.

तीन सूर एकदम आले. कॉर्ड भरून वाजली, साधी आणि ऊबदार, आणि थांबली.

लिंडग्रेनचा हात हवेत तसाच राहिला. त्याने जोआनकडे पाहिलं. ती समोर कागदाकडे बघत होती, लालबुंद झाली होती. लोकांना कळेना, टाळ्या वाजवायच्या की अजून काही यायचंय. मागच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला कुजबुजला, "ती शांतता कुठे होती? मला तर काही वेगळं वाटलं नाही."

क्लिओरा खुर्चीतल्या खुर्चीत वळली. रागाने नाही, निदान तसं एझेलला वाटलं नाही.

"नाहीच वाटत, साहेब," ती त्याला म्हणाली. "तो असला की नाही वाटत."

मग टाळ्या सुरू झाल्या, आधी तुरळक, मग सगळ्यांच्या. एझेलने कोपराने तिला ढोसलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं." ती समोर बघत होती. "पोरीने सूर जरा खाली लावला. थर्मन असता तर…"

पुढचं तिला बोलता येईना, आणि त्याचाही तिला राग आला.